कोकरू नेलं कुणी, आणि वाडा कुठे उघडा राहिला?

प्रश्न : आमची वस्ती उत्तर सोलापूर तालुक्यात, माळढोक अभयारण्याच्या माळाला लागून आहे. ५८ मेंढ्या आणि ११ शेळ्या आहेत. दिवाळीपासून ५ कोकरं गेली, सगळी दिवसा, चरताना. गेल्या पंधरवड्यात तर एका रात्रीत वाड्यातच ४ मेंढ्या मारल्या गेल्या. खाल्ली होती एकच, तीही अर्धवट. वडिलांनी सकाळीच खड्डा काढून चारही पुरल्या. दोन दिवसांनी वनरक्षक आले आणि म्हणाले, आता पंचनामा कशाचा करू? भावकीतले लोक म्हणतात, पुढच्या वेळी मेलेल्या मेंढीत औषध घालून ठेवा, कटकट मिटेल. लांडगा काळवीट, ससे, उंदीर खातो असं वाचतो. काळवीट तर आमच्या माळावर रोज दिसतात. मग तो आमच्याच मेंढ्यांवर का येतो? आणि आम्ही करायचं काय?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दोन्ही एकाच जनावराच्या नावावर टाकायची घाई करू नका. दिवसाउजेडी, चरताना, एकेक कोकरू गायब होणं ही लांडग्याचीच रीत आहे. पण रात्रीत चार मारून एकच अर्धवट खाणं? तिथे आधी गावच्या मोकाट कुत्र्यांवर संशय घ्यायला हवा. लांडगाही बंद वाड्यात शिरला तर एकापेक्षा जास्त मारू शकतो. माळावर कळप उधळतो, एक सापडते, बाकीच्या निसटतात. कोंडलेल्या मेंढ्या मात्र त्याच्यासमोरच गोल गोल धावत राहतात आणि त्याचा हल्ला थांबत नाही. म्हणून आकड्यावरून काही ठरत नाही. ते जखमेवरून ठरतं, आणि जखमा तुमच्या खड्ड्यात गेल्या.

पुढच्या वेळी, म्हणजे तशी वेळ आलीच तर, मेंढी हलवण्याआधी तिच्याजवळ बसून नीट बघा. लांडगा मोठ्या मेंढीला बहुतेक वेळा गळ्यावर धरतो. पळतीला मागून धरलं असेल तर मांडीच्या मागच्या बाजूला दात सापडतात. मग पोट फाडून आतडी बाहेर काढतो आणि मागच्या भागाकडून मांस खातो. कुत्र्यांचं काम गबाळं असतं : कान फाटलेले, पाय चावलेले, कुशी-शेपटी लचकलेली, लोकर सगळीकडे विखुरलेली, आणि बऱ्याच मेंढ्या जखमी होऊन जिवंत राहिलेल्या. बिबट्याच्या सुळ्यांची खोल भोकं गळ्यावर असतात, खांद्यावर नखांचे ओरखडे दिसतात, आणि शिकार तो ओढत उसात किंवा झाडीत नेतो. तरस जाड हाडंसुद्धा फोडतं. पण ते बऱ्याचदा मेलेल्यावर येतं, मारणारं दुसरंच असतं.

यातली एक खूण फार उपयोगाची आहे. पंचनाम्याच्या वेळी पशुवैद्यकांना गळ्याची कातडी थोडी सोलायला सांगा. दातांच्या भोकांखाली काळपट गोठलेलं रक्त साकळलेलं असेल, तर चावा घेतला तेव्हा मेंढी जिवंत होती. कातडीखाली मांस स्वच्छ, फिकट असेल, तर ती आधीच मेली होती आणि जनावर नंतर खायला आलं. पोटफुगीने किंवा आंत्रविषाराने (आतड्यात विष तयार होण्याच्या आजाराने) रात्री मेलेली मेंढी सकाळी कुरतडलेली दिसली की दोष लांडग्यावर जातो. खरं तर तिथे लसीकरणाचा प्रश्न असतो. दोन कारणांचे उपाय वेगळे, म्हणून ही तपासणी टाळू नका.

पायाच्या ठशांवर फार विसंबू नका. एकटा ठसा बघून लांडगा की मोठा कुत्रा हे जाणकारालाही सांगता येत नाही. ठशांची ओळ मात्र बोलते. लांडगा वाटेने सरळ जातो, मागचा पाय पुढच्याच्या ठशात किंवा अगदी लगत पडतो, जणू दोरी धरून चाललाय. कुत्रा इकडे हुंगतो, तिकडे वळतो, त्याची ओळ नागमोडी पडते.

आता काळवीट असताना मेंढीच का, या तुमच्या प्रश्नाकडे येतो. लांडग्याचा आहार ठरवताना अभ्यासक त्याची विष्ठा गोळा करतात, धुऊन वाळवतात, त्यातले केस वेगळे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. मेंढीची लोकर, शेळीचा केस, काळविटाचा केस, सशाचा केस, प्रत्येकाची ठेवण वेगळी. पण या पद्धतीत दोन खाचा आहेत. छोट्या जनावराला मांसाच्या मानाने कातडी आणि केस जास्त. त्यामुळे विष्ठेत उंदीर-ससे जितके वेळा दिसतात, तितकं त्यांचं मांस पोटात गेलेलं नसतं. म्हणून नुसती मोजणी न करता वजनाचा हिशोब करावा लागतो, आणि तो केला की मोठ्या जनावरांचा, म्हणजे काळवीट आणि पाळीव जनावरांचा, वाटा वर येतो. दुसरी खाच अशी की केस सापडला म्हणजे शिकार केलीच असं नाही. माळावर टाकलेलं मेलेलं वासरूही त्यात येतं. तुम्ही वाचता ते खोटं नाही, पण ‘लांडगा ससे-उंदीर खातो’ एवढंच सांगणं अर्धं आहे. जिथे हरणं आणि मेंढ्या दोन्ही आहेत, तिथे तो दोन्ही खातो.

प्रमाण कशावर ठरतं? मिळायला काय सोपं, त्यावर. आपल्याकडचा लांडगा लहान चणीचा, साधारण १७ ते २५ किलोचा. मोठं काळवीट पळवून दमवायचं तर दोघा-तिघांना मेहनत करावी लागते आणि बहुतेक वेळा शिकार हुकते. सहा किलोचं कोकरू एकटा लांडगा तोंडात धरून उचलून नेतो. थंडीच्या दिवसांत लांडगीण बिळात पिल्लं घालते, बऱ्याचदा तीन ते पाच, आणि नर-मादीला रोज बिळापर्यंत मांस पोचवावं लागतं. नेमकी तेव्हाच तुमच्याकडे कोकरं असतात आणि ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते, म्हणजे दबा धरायला आडोसा. दिवाळीपासून पाच गेली, त्यामागे हे सगळं एकत्र आलेलं आहे.

अभयारण्य म्हटलं की जंगलाची भिंत डोळ्यासमोर येते. तुमचं अभयारण्य तसं नाही. १९७९ साली माळढोकासाठी ते झालं, सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. नंतर कमी करून साधारण १,२२२ चौरस किलोमीटर ठेवलं. यात गावं आहेत, खासगी शेतं आहेत, रस्ते आहेत, अधूनमधून गवताचे राखीव तुकडे आहेत. लांडग्याला ते तुकडे पुरत नाहीत. तो रात्रीतून कितीतरी किलोमीटर फिरतो, त्याला गट नंबर कळत नाहीत. माळ नांगरला गेला, ऊस आला, उरलेल्या गवतावर झाडं लावली गेली, तसतशी त्याची रानातली शिकार आक्रसली आणि मेंढीचा वाटा वाढला. यात तुमच्या वडिलांचा काही दोष नाही, हे मुद्दाम सांगतो.

मात्र एक गोष्ट वस्तीजवळच तपासा. दोन-तीन किलोमीटरच्या आत ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे का? असेल तर मेलेल्या कोंबड्या कुठे टाकतात? उघड्यावर टाकत असतील, तर लांडगे आणि कुत्रे दोघांनाही तुमच्या वाड्याच्या वाटेवर रोजचं ताट वाढलेलं आहे. शेडमालकाशी बोलून झाकणाचा खड्डा आणि वर चुना, एवढं करून घ्या. त्यांनी ऐकलं नाही तर ग्रामपंचायतीत लेखी द्या. हे केलं नाही तर खालचे सगळे उपाय निम्मेच चालतील.

वाडा

तुमच्या कळपाला कोकरांसह साधारण १०० चौरस मीटर जागा लागेल. १० बाय १० मीटरचा वाडा धरा, म्हणजे घेर ४० मीटर. सहा फूट उंच, दोन इंची डोळ्याची चेनलिंक जाळी. खांब आठ-आठ फुटांवर, म्हणजे सुमारे १७, आणि चारही कोपऱ्यांना आतून तिरपे टेकू. टेकू नसले की जाळी वर्षभरात सैल होते आणि खालून फुगते.

लांडगा वरून उडी मारण्यापेक्षा खालून उकरून किंवा अंग चोरून शिरतो. पुस्तकात सांगतात जाळी एक फूट जमिनीत गाडा. तुमच्याकडे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे चर खणताना कंबर मोडेल. त्यापेक्षा दोन फूट रुंदीची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरा, उभ्या जाळीच्या तळाला दर वीतभर तारेने बांधा, कडेवर दगड ठेवा, वर माती ओढा. उकरायला येणारं जनावर भिंतीला खेटून उकरतं, तिथे पायाखाली जाळीच लागते. दोन फूट मागे सरून उकरावं, हे सहसा त्याला सुचत नाही.

सगळ्यात जास्त वेळा दगा देतं ते फाटक. जाळी नवी कोरी, आणि फाटकाखाली वीतभर फट, असं चित्र नेहमीचं. फाटकाखाली शहाबादी फरशी बसवा आणि फट तीन बोटांपेक्षा जास्त ठेवू नका. कडी अशी हवी की मेंढ्यांनी आतून रेटली तरी उघडणार नाही. वाड्याबाहेर लेंडीखताचा ढीग, कडब्याची गंज किंवा दगडांची रास जाळीला टेकून असेल, तर ती निदान दोन मीटर लांब न्या. त्यावर चढून आत उडी पडते.

तुम्ही वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायचं दोरीचं जाळं, लावत असाल तर ती टाकून देऊ नका. पण तिचं काम वेगळं आहे हे लक्षात घ्या. वाघरीने लांडगा अडत नाही. घाबरलेल्या मेंढ्या अंधारात फुटून बाहेर पळत नाहीत, हा तिचा उपयोग. मेंढ्या फुटल्या की रात्रीत लांडग्याला रान मोकळं. म्हणून आत वाघर, बाहेर जाळी किंवा बाभळीच्या काट्यांचं गच्च कुंपण, अशी दुहेरी रचना ठेवा. जाळीचा खर्च एकदम झेपत नसेल, तर पहिल्यांदा फक्त कोकरांसाठी ३ बाय २ मीटरचा, वरून जाळीने झाकलेला छोटा पिंजरा करा, आणि तो माणसं झोपतात त्याच्या अगदी शेजारी ठेवा. महिन्याच्या आतली कोकरं त्यातून बाहेर चरायला नेऊच नका. तुमच्या घरातली म्हातारी माणसं कोकरं डालाखाली ठेवायची, त्यामागचं कारण हेच.

लाल किंवा भगव्या कापडाच्या पट्ट्यांची दोरी लांडग्यावर चांगली चालते. पट्टी चार बोटं रुंद, हातभर लांब. दोन पट्ट्यांत दीड फुटाहून जास्त अंतर नको, आणि पट्टीचं खालचं टोक जमिनीपासून वीतभर. दोरी खाली सैल पडली किंवा एखादी पट्टी गळाली की तिथूनच तो आत येतो, म्हणून रोज संध्याकाळी एक फेरी मारून बघा. जाळीपासून दोन मीटर बाहेर बांधा, नाहीतर शेळ्याच पट्ट्या चघळून टाकतील. मात्र हा उपाय दीड-दोन महिनेच टिकतो. मग लांडग्याला कळतं की यात काही नाही. त्यामुळे वर्षभर लावून ठेवण्यात अर्थ नाही. कोकरांच्या दिवसांत लावायची, नंतर गुंडाळून ठेवायची. लुकलुकणाऱ्या सौर दिव्यांचंही तेच. एकाच खांबावर ठेवलात तर आठवड्यात सवय होते, तीन-चार रात्रींनी जागा बदला.

घरच्या लाइनवर आकडा टाकून तारेत करंट सोडायचा विचार कुणी मांडला तर तिथल्या तिथे थांबवा. त्याने माणसं मरतात. सौर झटका-यंत्र वेगळं, ते क्षणभराचा झटका देतं आणि जीव घेत नाही, पण लहान वाड्याला त्याची गरजही नाही.

चरताना

पाचही कोकरं दिवसा गेली, म्हणून तुमचं खरं नुकसान इथे आहे. लांडगे बऱ्याचदा जोडीने काम करतात. एक समोर उघड दिसतो, मेंढका आणि कुत्री त्याच्या मागे धावतात, तेवढ्यात दुसरा मागच्या बाजूने कोकरू उचलतो. समोर दिसला तर ओरडा, पण जागा सोडू नका. धावायचंच असेल तर एकाने धावावं, दुसऱ्याने कळपाच्या शेपटाला उभं राहावं. एकटा माणूस ६९ जनावरं आणि कोकरं सांभाळू शकत नाही, निदान डिसेंबर ते मार्च तरी दोघं हवेत, एक पुढे आणि एक मागे.

ज्वारीच्या, तुरीच्या उभ्या पिकापासून ५० पावलं लांब चारा. दुपारची विश्रांती झुडपांच्या सावलीत न घेता उघड्यावरच्या एकट्या झाडाखाली घ्या, जिथून चारी बाजू दिसतात. दुपारी माणूस डुलकी घेतो, ती वेळ लांडग्याला ठाऊक असते. कळप दिवसातून तीनदा मोजा. संध्याकाळी वाड्यात कळलं की एक कमी आहे, तर ती सकाळी गेली की दुपारी, कुठल्या ओढ्यापाशी, काहीच हाती लागत नाही आणि पंचनामाही होत नाही. विण्याला टेकलेली मेंढी माळावर नेऊ नका. ती मागे राहते, बसते, आणि ओलं कोकरू जमिनीवर पडतं तेव्हा तिच्याजवळ कुणी नसतं.

कुत्री

दोन-तीन चांगली राखणीची कुत्री हवीत. पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून मेंढ्यांतच वाढवा, तिथेच खायला द्या. गळ्यात काट्यांचा पट्टा घाला, लांडगा गळाच धरतो. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची लस आणि तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांनी रेबीज, मग दरवर्षी. नसबंदी करून घ्या. माजावरची कुत्री माळावर गेली की लांडग्याशी संकर होतो. पुणे जिल्ह्यात असे संकरित प्राणी तपासणीत सिद्ध झालेले आहेत. शिवाय डिस्टेंपर आणि रेबीज कुत्र्यांकडून लांडग्यांत जातात, आणि पिसाळलेला लांडगा माणसावर येतो. कुणाला चावा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. खोल जखमेला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही लागतं, ते मागून घ्या.

भरपाई

२०२२ च्या शासन निर्णयानुसार शेळी-मेंढी मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती मिळते. पशुवैद्यकांनी मेंढीची किंमत १२,००० लावली तर ९,००० हातात. पण पुरलेल्या मेंढीचे काहीच नाही, हे तुम्ही भोगलं आहे. म्हणून क्रम असा ठेवा. मेंढी जागेवरच राहू द्या, काट्या किंवा ताडपत्रीने झाका म्हणजे कुत्री-कावळे खुणा मोडणार नाहीत. मोबाइलने चार फोटो : पूर्ण मेंढी, गळ्याची जखम जवळून, कानातला बिल्ला, आजूबाजूचे ठसे शेजारी काडेपेटी ठेवून. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं असतं, पण तुम्ही दोन तासांत कळवा. फोन उचलला नाही तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. ‘अज्ञात प्राणी’ असं लिहिलं असेल तर कारण विचारा आणि कातडी सोलून बघायचा आग्रह धरा. अर्जासोबत पशुवैद्यकीय दाखला, आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागते.

कुठे चारत होता, हाही प्रश्न येईल. अभयारण्यात चराई वन विभागाच्या परवानगीने आणि नियमांनी चालते. मनाई असलेल्या राखीव गवताच्या तुकड्यात मेंढी मेली तर भरपाई अडते. वनपालाकडे जाऊन तुमच्या शिवारातले कुठले गट नंबर खुले आणि कुठले बंद, हे एकदा कागदावर लिहून घ्या. त्याच फेरीत लसीकरणाचंही विचारा. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गुराढोरांना साथीच्या रोगांची लस मिळावी, अशी तरतूद वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ए मध्ये आहे.

औषध घालण्याबद्दल

हे करू नका, आणि भावकीला करू देऊ नका. लांडगा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. पण कायदा बाजूला ठेवला तरी बघा. विषारी मेंढीवर सगळ्यात आधी तुमचीच कुत्री येतील, मग खोकड, मग गरुड आणि घारी. लांडगा मेलाच, तर मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरी जोडी येते, आणि तुमची फाटकाखालची फट तशीच असते. शिवाय आसपास विषाने वन्यप्राणी मेल्याचं उघड झालं की तुमचीच नव्हे, शेजाऱ्यांचीही भरपाई अडकते.

पंचनामा झाल्यावर मेंढीचं काय करायचं, हे वेगळ्याने सांगतो, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. लांडग्याने मारलेली मेंढी त्याच्या तोंडातून काढून घेतली की त्याची भूक तशीच राहते आणि तो दोन दिवसांत परत येतो. मेंढी वस्तीपासून दूर माळावर पडली असेल आणि वनरक्षकाची हरकत नसेल, तर ती तिथेच राहू द्या. वाड्याजवळ मेली असेल तर पुरा, पाच फूट खोल, वर चुना. आजारी असताना तिला दुखण्यावरची इंजेक्शनं दिली असतील तर ती कुठेही पडली असली तरी पुरायचीच. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, ते याच कारणाने. औषध दिलेलं मांस खाऊन गिधाडं मेली.

आणि बांधावर किंवा ओढ्याच्या दरडीत बीळ सापडलं, बाहेर हाडं आणि लहान पावलं दिसली, तर धूर करू नका, तोंड बुजवू नका. वनरक्षकाला जागा सांगा, आणि त्या बिळापासून एक-दीड किलोमीटरच्या आत कोकरं असलेला कळप नेऊ नका. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली की जोडी ती जागा सोडते. तेवढे दिवस कळपाची वाट बदला, आणि तेवढ्या काळात फाटकाखाली फरशी बसवून घ्या.